युरोपांतील जुन्या तरवारीचे पवित्रे

'पवित्रा' हा शब्द आपण आतां बहुधा वर्तमानपत्रांतच वाचतों. अमुक पक्षानें नवा पवित्रा घेतला, तमुक पुढाऱ्यानें पवित्रा बदलला, असे मथळे रोज डोळ्यांखालून जातात. आणि हा शब्द आखाड्यांतून आला आहे, त्याच्या मागें कोणाच्या तरी पायांखालची माती आणि हातांतलें पोलाद आहे, याची आठवण कोणास होत नाहीं. फरीगदका खेळणारा किंवा लाठी घेऊन उभा राहणारा मनुष्य पहिला वार होण्यापूर्वीं पाय, अंग आणि हत्यार यांची जी मांडणी करतो, ती पवित्रा. आज मला बोलावयाचें आहे तें युरोपांतील पवित्र्यांविषयीं. इ. स. १३०० पासून १६०० पर्यंतच्या सुमारें तीन शतकांत जर्मनी, इटली आणि इंग्लंड या देशांतील तरवारबहाद्दरांनीं ज्या स्थितींना नांवें दिलीं, ज्यांच्यावर पुस्तकें लिहिलीं, आणि ज्यांच्यावरून ते एकमेकांशीं कडाडून भांडले, त्या या स्थिति.

विषय नभोवाणीला गैरसोयीचा आहे हें मी जाणून आहें. श्रोत्यांना चित्र दाखवितां येत नाहीं, आणि मी येथें काठी घेऊन उभा राहिलों तरी तें ध्वनिक्षेपकाला दिसत नाहीं. पण अशीच अडचण त्या जुन्या उस्तादांनाहि होती, फक्त ती उलट्या बाजूची होती. त्यांच्यापाशीं चित्र होतें, गति नव्हती. पाण्याच्या धारेसारखी वाहणारी विद्या त्यांना कागदावर उतरावयाची होती, आणि चित्रकार तर एका वेळीं एकच क्षण पकडूं शकतो. तो कोणता क्षण पकडावा? त्यांनीं पकडला तो पवित्र्याचा. त्यामुळें आज त्यांचें पुस्तक उघडलें कीं पानोपानीं माणसें स्तब्ध उभीं दिसतात. आणि त्या स्तब्धतेमुळेंच पुढें मोठा गैरसमज झाला, तो कसा तें मी शेवटीं सांगणार आहें.

या विद्येवरील युरोपांतील सर्वांत जुनें समजलें जाणारें हस्तलिखित इंग्लंडांत लीड्स येथील रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयांत आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रांतांत तें तयार झालें. बत्तीस चर्मपत्रें, लॅटिन मजकूर, मधूनमधून धंद्यांतले जर्मन शब्द, आणि प्रत्येक पानावर चित्रें. चित्रांत लढणारे कोण, तर एक पाद्री आणि त्याचा शिष्य. डोक्याचा मधला भाग मुंडन केलेला, अंगांत पायघोळ झगा, एका हातांत सरळ दुधारी तरवार आणि दुसऱ्या हातांत आपल्या फरीसारखी लहान वाटोळी ढाल. धर्मोपदेशकानें तरवार शिकवावी याचें आपणांस नवल वाटतें. पुस्तकाला मात्र त्याचें कांहींच नवल नाहीं. तें सरळ मुद्द्याला हात घालतें आणि सांगतें कीं पवित्रे सात आहेत. पहिला बगलेखालचा, दुसरा उजव्या खांद्यावरचा, तिसरा डाव्या खांद्यावरचा, चौथा मस्तकावरचा, पांचवा उजव्या कुशीचा, सहावा छातीजवळचा, आणि सातवा टोक पुढें लांबविलेला.

या पुस्तकांत पवित्र्याला जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ राखण किंवा पहारा. एवढ्यावरून कोणी समजेल कीं पवित्रा म्हणजे अंगाचें रक्षण करणारी भिंत. पण लगेच दुसरा शब्द येतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शत्रु अमुक पवित्र्यांत उभा राहिला तर आपण काय करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर त्या पाद्र्याच्या भाषेंत 'वेढा' असें आहे. एकानें राखण धरली कीं दुसऱ्यानें वेढा घालावयाचा. किल्ल्याला वेढा घालणारें सैन्य तटावर आदळत नाहीं. वाटा अडवून बसतें आणि आंतल्या माणसाला बाहेर पडणें महाग करून ठेवतें. बगलेखालीं तरवार घेऊन उभा असलेला मनुष्य कोणत्या वाटांनीं वार करूं शकेल हें ओळखून, तरवार आणि ढाल एकत्र पुढें धरून त्या वाटा आधींच बंद करावयाच्या, हा पहिल्या पवित्र्यावरचा वेढा. म्हणजे पवित्र्याकडे पाहतांना अनुभवी डोळा 'याचें कोणतें अंग उघडें आहे' एवढेंच पाहत नाहीं. 'येथून काय काय निघूं शकतें' हें पाहतो. बुद्धिबळांत घोडा ज्या घरांत बसला आहे त्या घरापेक्षां तो जीं घरें मारतो तीं महत्त्वाचीं, तसेंच हें आहे.

आतां एक लहानसा प्रयोग करूं. घरांत छत्री किंवा हातांत धरावयाची काठी असेल तर ती घ्या. दिव्याची काच मात्र सांभाळा. आपण जर्मनीच्या दुसऱ्या एका परंपरेकडे जात आहों, आणि तेथील तरवार दोन्ही हातांनीं धरण्याची आहे. ती अवजड असे, दोन माणसांनीं उचलावी लागे, असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नाहीं. संग्रहालयांतून ज्या खऱ्या तरवारी आहेत त्यांतल्या बहुतेक सव्वा ते दीड किलोग्रॅमच्या आसपास भरतात. पाणी भरलेला मध्यम तांब्या याहून हलका नसतो.

या परंपरेचा मूळ पुरुष योहान्नेस लिश्टेनॉवर. तो चौदाव्या शतकांतला. त्यानें आपली विद्या पद्यांत बांधली आणि तीं पद्यें मुद्दाम कूट केलीं, कारण हा हुन्नर वाटेल त्याच्या हातीं पडूं नये अशी त्याची इच्छा होती. त्यावर पुढच्या शतकांत शिष्यप्रशिष्यांनीं टीका लिहिल्या, म्हणूनच आपणांस त्यांतलें कांहीं कळतें. सूत्र आणि भाष्य यांची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही रचना ओळखीची वाटेल. लिश्टेनॉवरनें सांगितले पवित्रे चारच, आणि त्यांचीं नांवें अगदीं शेतकऱ्याच्या अंगणांतलीं आहेत.

छत्रीची मूठ दोन्ही हातांनीं धरून उजव्या कानाजवळ, डोक्याच्या उंचीवर न्या, आणि टोक समोरच्या माणसाच्या तोंडावर रोखा. डावा पाय पुढें. हा 'बैल', शिंग रोखलेला. आतां मूठ खालीं मांडीपाशीं आणा, टोक मात्र वर, शत्रूच्या छातीकडे किंवा तोंडाकडेच राहूं द्या. हा 'नांगर', रुमणें धरणाऱ्याचे हात असेच असतात. तिसऱ्यांत उजवा पाय पुढें घ्या, हात खालीं सोडा आणि टोक जमिनीकडे जाऊं द्या. याचें नांव 'मूर्ख' किंवा 'भोळा'. आणि चौथ्यांत तरवार उजव्या खांद्यापाशीं उभी धरा, किंवा हात लांब करून डोक्यावर उगारा. या चौथ्याच्या जर्मन नांवाचा अर्थ कोणी 'छपरावरचा' असा करतात, कोणी 'दिवसाचा' असा. पण उगारलेली तरवार वरून येणार हें समजण्याला नांवाची गरज नाहीं.

चारच कां? कारण जर्मन उस्ताद शत्रूच्या अंगाचे चार भाग करतात. कमरेवरून एक आडवी रेघ आणि नाकावरून एक उभी. उजवा वरचा, डावा वरचा, उजवा खालचा, डावा खालचा अशीं हीं चार दारें. बैल वरचीं दारें झांकतो, नांगर खालचीं. उगारलेली तरवार कांहींच झांकीत नाहीं, पण जवळ येणाऱ्याला भय घालते. आणि भोळा? भोळा तर सगळींच दारें सताड उघडीं टाकून उभा आहे.

हा भोळा मला या सर्व शास्त्राची किल्ली वाटतो. डोकें उघडें, छाती उघडी, हत्यार जमिनीकडे. पाहणाऱ्याला वाटावें, मारा आतां. पण ज्याचें सर्व अंग उघडें आहे त्याच्यावर वार कोठून येणार हें त्याला आधींच ठाऊक असतें: वरूनच येणार. मग खालचें टोक नुसतें वर उचललें कीं चालून येणारा आपल्याच पायांनीं त्यावर येतो. म्हणजे येथें भोळा कोण, उभा राहिलेला कीं चालून आलेला, हा प्रश्नच आहे. पवित्रा हा असा शत्रूशीं केलेला संवाद आहे. त्यांत खरें बोलतां येतें तसेंच खोटेंहि बोलतां येतें.

पण लिश्टेनॉवर तेथें थांबला नाहीं. चार पवित्रे सांगितल्यावर त्यानें ते मोडणारे चार वार सांगितले. वांकडा वार बैलाला मोडतो. हात ओलांडून शत्रूच्या हातांवर किंवा पात्यावर तो पडतो. आडवा वार उगारलेल्या तरवारीला मोडतो, कारण वरून येणारा वार अडवीत असतांनाच तो डोक्याच्या बाजूस लागतो. तिरका वार नांगराला मोडतो. आणि भोळ्याला मोडणारा वार भांगावरचा. हा शेवटचा कसा लागतो तें समजून घेण्यास दुसरा प्रयोग पुरे. भिंतीसमोर उभे राहा, हात खांद्याच्या सरळ रेषेंत पुढें करा आणि बोटांचीं टोकें भिंतीला जेमतेम लागतील इतकें अंतर ठेवा. आतां पाय न हलवितां आणि न वांकतां, हात सरळच ठेवून गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला स्पर्श करून पाहा. होणार नाहीं. हात खांद्यांतून फिरतो, म्हणून खांद्याच्या पातळीवर त्याची लांबी सर्वांत जास्त आणि खालीं वर ती कमी. भोळ्याला खालून मारावयाचें आहे. त्याला जवळ यावें लागेल. ज्यानें हात वर लांबविला तो चार बोटें अगोदर पोंचतो. तरवारींत चार बोटें म्हणजे आयुष्य.

न्यूरेंबर्गच्या संग्रहालयांत या परंपरेचें जें एक जुनें हस्तलिखित आहे, ज्यांत तरवारीच्या विद्येच्या जोडीला औषधांच्या आणि कारागिरीच्या कृतीहि उतरून घेतल्या आहेत, त्यांतील भाष्यकार एक सूचना बजावून देतो. पवित्र्यांत फार वेळ पडून राहूं नकोस. लिश्टेनॉवरचा भर पवित्र्यांवर नव्हता, पहिला वार आपल्या हातीं ठेवण्यावर होता. हें वाचून प्रथम गोंधळ उडतो. चार पवित्रे शिकवावयाचे आणि मग त्यांत राहूं नको म्हणावयाचें? पण वार कसा चालतो तें पाहिलें म्हणजे गोंधळ उरत नाहीं. खांद्यापासून उगारलेली तरवार खालीं आणा. वाटेंत ती टोक पुढें करून जाते आणि शेवटीं जमिनीकडे येऊन थांबते. म्हणजे चौथ्या पवित्र्यांतून निघालेला वार तिसऱ्यांत संपला. तेथून वर उचला, बैलांत आलां. प्रत्येक वार एका पवित्र्यांतून निघतो आणि दुसऱ्यांत पोंचतो. पवित्रा हा मुक्काम नव्हे. वाटेवरचा मैलाचा दगड आहे. गायक तानेंत एखाद्या स्वरावर क्षणभर टेकतो, म्हणून त्या स्वराला नांव आहे. तो स्वर धरून बसण्यासाठीं नव्हे.

आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत आलें कीं नांवें बदलतात आणि चित्रेंहि देखणीं होतात. फिओरे देई लिबेरी हा फ्रिउली प्रांतांतला. इ. स. १४०९ च्या सुमारास त्यानें 'लढाईचें फूल' या अर्थाचा ग्रंथ सिद्ध केला, आणि फेर्राराचा अधिपति निकोलो देस्ते याला तो अर्पण केला. त्याचीं चार हस्तलिखितें आज उपलब्ध आहेत. फिओरे हा केवळ लेखणीबहाद्दर नव्हता. त्याच्या गालेआझ्झो नांवाच्या मांतुआकडील शिष्यानें १३९५ सालीं पादुआ येथें बूसिको या प्रख्यात फ्रेंच योद्ध्याशीं द्वंद्व केलें होतें. स्वतः फिओरे सांगतो कीं आपली विद्या इतर उस्तादांना शिकविण्याचें नाकारल्यामुळें पांच वेळां त्याला परक्या गांवीं, आप्तेष्ट जवळ नसतांना, धार लावलेल्या तरवारींनीं त्यांच्याशीं लढावें लागलें. अंगांत नुसता जाड अंगरखा आणि हातांत कातडी मोजे. चिलखत घालून तीन वेळां लढावें, पण असें एकदांहि लढूं नये, असें त्याचें मत आहे. चिलखत असलें तर चूक झाली तरी माणूस पुन्हां सांवरतो. अंगरख्यांत एक वार अडवावयाचा राहिला कीं संपलें. हीं वाक्यें वाचल्यानंतर त्याच्या पवित्र्यांचीं चित्रें निराळीं दिसूं लागतात. तो आपणांस शोभेच्या मुद्रा दाखवीत नाहीं, ज्या ठिकाणीं उभा राहून तो स्वतः जिवंत परत आला तीं ठिकाणें दाखवितो.

फिओरेचे दोन हातांच्या तरवारीचे पवित्रे बारा. 'लोखंडी दरवाजा', 'खिडकी', 'लांब शेपटी', 'रानडुकराचा दांत', 'बाईचा पवित्रा', 'दोन शिंगें', 'मुकुट', अशीं कांहीं नांवें. नांवांत गंमत आहे असें वाटेल, पण प्रत्येक नांव म्हणजे एक सूचना आहे. रानडुक्कर सुळा कसा चालवितो? खालून वर, आणि तिरका झटका देऊन. त्या नांवाच्या पवित्र्यांतून वार नेमका तसाच निघतो. लांब शेपटींत तरवार मागें पसरलेली असते, म्हणून समोरच्याला तिची लांबी नीट मापतां येत नाहीं. बाईच्या पवित्र्यांत ती उजव्या खांद्यावरून पाठीमागें टाकलेली असते, आणि तेथून वाटेल तो वार करतां येतो असा त्याचा अभिमान आहे. शिवाय फिओरे प्रत्येक पवित्र्याचा स्वभाव सांगतो: अमुक स्थिर, अमुक चंचल, अमुक आघात करणारा. स्थिर पवित्र्यांत शत्रूची वाट पाहतां येते. चंचल पवित्र्यांतून काम उरकून लगेच निघावयाचें. न्यूरेंबर्गच्या भाष्यकारानें एका वाक्यांत जी ताकीद दिली, तिचा फिओरेनें असा तपशीलवार हिशेब मांडला आहे.

त्याच ग्रंथांत एक मानवाकृति काढून तिच्याभोंवतीं चार प्राणी बसविले आहेत. डोक्यावर लिंक्स म्हणजे रानमांजराच्या जातीचा प्राणी, त्याच्या पंजांत अंतर मोजण्याचा कंपास. एका बाजूस बाण घेतलेला वाघ, दुसऱ्या बाजूस हृदय घेतलेला सिंह, आणि पायांशीं पाठीवर बुरूज वाहणारा हत्ती. विवेक, वेग, धैर्य, बळ. इटलींतल्या त्या चित्रकारानें हत्ती प्रत्यक्ष पाहिला होता असें त्याच्या आकारावरून वाटत नाहीं, पण त्याला पायांशीं बसविण्यांतला विचार पक्का आहे: ज्याचे पाय डळमळले त्याला पवित्राच नाहीं.

पुढच्या शतकांत पवित्र्यांची संख्या वाढत गेली. बोलोन्या नगरींतील उस्ताद आकिल्ले मारोझ्झो याचा ग्रंथ १५३६ मध्यें मोदेना येथें छापला गेला. त्यांत पवित्र्यांचीं नांवें इतकीं आहेत कीं पाठ करतां करतां शिष्य म्हातारा व्हावा. तरी शिकविण्याची त्याची रीत चांगली होती: शिष्याला एका पवित्र्यांतून दुसऱ्यांत पाऊल पुढें, पाऊल मागें असें चालवीत न्यावें, म्हणजे नांव आणि हालचाल एकदमच अंगीं मुरतात. स्ट्रासबुर्गचा योआखिम मायर हा व्यवसायानें चाकूसुऱ्या घडविणारा कारागीर. त्यानें १५७० सालीं कर्ज काढून सुंदर चित्रांचा ग्रंथ छापला. जुने चार पवित्रे मुख्य ठेवून बाकीचे त्यानें त्यांच्यापासूनच उपजलेले म्हणून मांडले. कर्ज फेडण्याच्या आशेनें श्वेरीन येथें सरदाराकडे चाकरीला म्हणून तो ऐन हिवाळ्यांत निघाला, आणि १५७१ च्या फेब्रुवारींत मरण पावला. त्याच्या पुस्तकावर आज जगभर माणसें तालीम करतात.

या नांवांच्या रानांत कुऱ्हाड चालविली ती तरवारीच्या उस्तादानें नव्हे, एका यंत्रविशारदानें. कामिल्लो आग्रिप्पा हा मिलानचा, पण रोमला येऊन राहिलेला. त्याचा ग्रंथ १५५३ चा. आग्रिप्पानें विचारलें कीं बैल, दरवाजा, शेपटी हें सगळें कशाला? तरवार म्यानांतून उपसली कीं हात कोठें असतो? वर, टोक शत्रूकडे. तो पहिला. हात खांद्याच्या पातळीला उतरला कीं दुसरा. आणखी खालीं, उजव्या गुडघ्याकडे आला कीं तिसरा. तोच आंतल्या बाजूस, डावीकडे गेला कीं चौथा. झाले पवित्रे. त्याच्या आकृतींत मनुष्याच्या अंगावर भूमितीच्या रेषा आणि अक्षरें काढलेलीं आहेत. खांद्यापासून टोकापर्यंतची सरळ रेषा हीच सर्वांत जवळची वाट, म्हणून छेदापेक्षां भोंसकणें श्रेष्ठ, असा त्याचा निष्कर्ष. आज ऑलिंपिक सामन्यांत तरवारबाज हाताच्या स्थितींना फ्रेंच भाषेंतले पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे आंकडे वापरतात, आणि पुढें वाढवून ते आठपर्यंत नेतात. त्या आंकड्यांचें कूळ येथें आहे. या वाटेनें पुढें जातां जातां १६१० मध्यें सिएनाचा कापो फेर्रो अशा टोकाला पोंचला कीं खरा पवित्रा एकच, तिसरा. बाकीचे त्या नांवाला पात्र नाहींत.

मला स्वतःला आग्रिप्पाच्या बुद्धीचें कौतुक वाटतें, पण प्रेम नाहीं. आंकडा शिकविण्यास सोपा खरा. पण 'तिसरा' म्हटल्यानें हात कोठें ठेवावा एवढेंच कळतें. 'रानडुकराचा दांत' म्हटल्यानें पुढें काय होणार तें कळतें.

भांडणाचा उल्लेख मी आरंभीं केला होता. लंडनमध्यें एलिझाबेथ राणीच्या काळीं इटालियन उस्तादांचें पेंव फुटलें. लांब, सडपातळ, भोंसकण्याची त्यांची तरवार उमराव मंडळींत मिरविण्याची वस्तु झाली. विन्चेन्त्सिओ साव्हिओलो यानें १५९५ मध्यें इंग्रजींत ग्रंथ काढला. जॉर्ज सिल्व्हर नांवाच्या एका इंग्रज गृहस्थाचें पित्त त्यामुळें इतकें खवळलें कीं १५९९ सालीं त्यानें या सर्वांविरुद्ध एक पुस्तक लिहिलें. त्याची तक्रार अशी होती कीं हे लोक मारावयास शिकवितात, मरणापासून वांचावयास शिकवीत नाहींत. दोन माणसें त्यांची विद्या शिकून मैदानांत उतरलीं कीं दोघेहि मरतात. साव्हिओलो आणि त्याच्या सोबत्याला त्यानें लंडनच्या एका खानावळीच्या आवारांत मंचावर उघड सामन्याचें आव्हान दिलें. ते आले नाहींत, असें तोच सांगतो. दुसरी बाजू आपणांस ऐकावयास मिळत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

पण सिल्व्हर केवळ शिव्या देऊन थांबत नाहीं. त्याच्या विचारांतला सर्वांत खोल भाग अंतराविषयींचा आहे. हात पायापेक्षां जलद आहे. शत्रूला पाऊल न टाकतां माझ्यापर्यंत पोंचतां येईल इतक्या जवळ मी त्याला येऊं दिलें, तर माझा पवित्रा कितीहि सुंदर असो, तो मला वांचविणार नाहीं. कारण त्याचा हात माझ्या डोळ्याला फसवील. म्हणून रक्षण तरवारींत नाहीं, पावलांत आहे. पाऊल टाकल्याखेरीज तो पोंचूं शकणार नाहीं इतकें अंतर राखलें, तरच त्याचा वार ओळखून अडविण्यास वेळ मिळतो. सिल्व्हरचा आवडता पवित्रा मूठ डोक्याच्या वर आणि टोक खालीं आपल्या डाव्या गुडघ्याकडे, असा उतरत्या छपरासारखा आहे. मूठ किंचित् इकडेतिकडे हलविली कीं दोन्ही बाजूंचे वार त्यावरून घसरून जातात. हा भाग ज्यांत स्पष्ट केला आहे ती त्याची दुसरी पुस्तिका त्याच्या हयातींत छापली गेली नाहीं. ती १८९८ सालीं छापली गेली.

शेक्सपियरच्या वाचकांना येथें फालस्टाफ आठवेल. तो फुगारे मारतांना आपला जुना पवित्रा प्रत्यक्ष करून दाखवितो, आणि आपण तेथें 'पडलों' होतों अशा अर्थाची भाषा वापरतो. जर्मनांच्या पवित्रा या शब्दाचा मूळ अर्थहि पडण्याची जागा, छावणी असाच आहे. प्रेक्षकांत त्या काळीं पवित्रे ओळखणारे पुष्कळ असत, म्हणूनच तो प्रवेश हंशा मिळवी.

यानंतर ही विद्या मागें पडली. पाश्चात्य तरवारबाजी हलक्या, केवळ टोकाच्या हत्याराकडे वळली, आणि जुनीं पुस्तकें ग्रंथालयांत पडून राहिलीं. १८८५ सालीं एगर्टन कॅसल या इंग्रज लेखकानें तरवारीच्या संप्रदायांचा इतिहास लिहिला. तो मेहनती होता, आणि त्याचें ऋण मोठें आहे. पण त्याची दृष्टि त्याच्या काळाची होती. रानटी बळापासून आरंभ होऊन त्याच्या स्वतःच्या काळच्या फ्रेंच तरवारबाजींत पूर्णत्व, अशी एक चढती शिडी त्यानें मनाशीं धरली, आणि जुने जर्मन उस्ताद सर्वांत खालच्या पायरीवर बसविले. ज्याची स्वतःची विद्या टोक सदैव शत्रूवर रोखावें अशी आहे, त्यानें जमिनीकडे टोक केलेला 'भोळा' किंवा पाठीमागें पडलेली 'लांब शेपटी' पाहिली कीं त्याला हंसूं येणारच. पानावरचीं तीं माणसें तशींच उभीं राहून वाट पाहत आहेत असें त्यानें मानलें. तीं वाराच्या मध्यें क्षणभर टेकलेलीं आहेत, हें चित्र सांगत नाहीं. तें मजकूर सांगतो, आणि मजकूर कूट होता.

हा गैरसमज दूर होण्यास शंभर वर्षें लागलीं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून युरोपांत आणि अमेरिकेंत ठिकठिकाणीं मंडळें निघालीं, हस्तलिखितें वाचलीं गेलीं, आणि तोंडावर जाळी व हातांत बोथट, लवचिक तरवार घेऊन माणसें तीं वाक्यें प्रत्यक्ष करून पाहूं लागलीं. सिडनी अँग्लो या इतिहासकारानें २००० सालीं प्रबंधवजा मोठा ग्रंथ लिहून ही जुनी विद्या पद्धतशीर, विचारपूर्वक रचलेली होती हें दाखविलें. कोणत्या वाक्याचा अर्थ काय, याचा निर्णय आतां नुसत्या कोशावर होत नाहीं. अर्थ बरोबर असेल तर वार लागतो आणि आपण वांचतों. चूक असेल तर जाळीवर टोला बसतो. सर्व ग्रंथांच्या टीकाकारांना अशी सोय असती तर किती वाद मिटले असते!

आपल्याकडे या पुस्तकांचा संबंध आला नाहीं, पात्यांचा आला. पोर्तुगीजांच्या आणि इतर व्यापाऱ्यांच्या मार्गानें युरोपांत घडलेलीं सरळ, लांब पातीं दक्षिणेंत येत, त्यांना येथल्या मुठी बसविल्या जात, आणि अशा तरवारीला 'फिरंग' हें नांव पडलें. पातें आलें, पण त्याबरोबर बैल, नांगर आणि भोळा आले नाहींत. मूठ बदलली कीं मनगट बदलतें, आणि मनगट बदललें कीं पवित्रा निराळा होतो. तेव्हां तेंच पोलाद येथें येथल्या आखाड्याच्या रीतीनें फिरलें.

लीड्सच्या त्या पाद्र्याच्या हस्तलिखिताकडे शेवटीं पुन्हां वळतों. सोळाव्या शतकांत लढायांच्या धामधुमींत तें फ्रँकोनियांतील एका मठांतून बाहेर पडलें, पुढें गोथा येथील संग्रहांत गेलें, दुसऱ्या महायुद्धांत तेथून नाहींसें झालें, आणि १९५० सालीं लंडनच्या लिलांवांत प्रकट झालें. त्याच्या अखेरच्या पानांवर पाद्र्यासमोर त्याचा नेहमींचा शिष्य नाहीं. तेथें लांब केसांची, पायघोळ वस्त्र नेसलेली एक स्त्री आहे, हातांत तरवार आणि फरी. तिचें नांव वाल्पुर्गिस, एवढेंच मजकूर सांगतो. एखादी बाई तेथें कशी, याचा खुलासा करण्याची त्या लेखकाला गरज वाटलेली नाहीं. तिनें पवित्रा घेतला आहे, आणि पाद्री वेढा घालण्याच्या तयारींत आहे.